डावी वेल

म्युनिक, १२ फेब्रुवारी २००७, सोमवार

सहा वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर बसून पोळ्या लाटल्या, आज अखेर नोकरी लागली, आणि पहिल्याच दिवशी माझं डोकं सणकलं. म्हणून ही वही. यशोधन म्हणाला, "माझ्यावर ओरडण्यापेक्षा लिहून काढत जा." तेही खरंच. तो दिवसभर ऑफिसात कंप्युटरशी भांडून येतो, त्याच्यात माझ्या भांडणांना जागा कुठली?

कंपनी अमेरिकन आहे. एल्डरिज अँड सन्स, प्रॉव्हिडन्स. दागिन्यांची जुनी पेढी, यंदा दीडशे वर्षं होतायत. इथे मारियनप्लात्झजवळ त्यांनी दुकान थाटलंय, आणि मे महिन्यात कंपनीच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे. जुन्या कागदांतून प्रत्येक दागिन्यासाठी एक कार्ड लिहायचं, हे माझं काम. कोल्हापूरला इतिहासात एम. ए. केलं, दफ्तरखान्यात बसून मोडी वाचली, त्याचं इथे कुणाला तरी कौतुक वाटलं. सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे तोवर कधीही हाकलू शकतात.

डोकं कशानं सणकलं? साहेब, डॉ. ब्रेंडेल, म्हणाले, "फ्राऊ पोतदार, तुम्हाला दागिन्यांतलं थोडंफार कळतं ना?" अहो, आमच्या हुपरीत पोरं बाराखडीआधी चांदीचा कस शिकतात! माझ्या आजोबांची, विष्णू पोतदारांची पैंजणं अख्ख्या कोल्हापुरात नावाजलेली. म्हणे थोडंफार.

२६ फेब्रुवारी

दोन आठवडे एल्डरिजांचं पुराण वाचतेय. मूळ पुरुष जोसाया. हा बटणं विकत दारोदार फिरायचा. १८५७ साली घोड्यांच्या तबेल्यामागे दुकान टाकलं. मग त्यांचं यादवी युद्ध आलं, यानं सैनिकांच्या पट्ट्यांची बक्कलं केली. युद्ध संपलं तर मेलेल्या सैनिकांच्या बायकांसाठी केस ठेवायची लॉकेटं केली. दोन्हीकडून धंदा! पुढे मंदी आली तेव्हा शाळेचं नाव कोरलेल्या पोरांच्या अंगठ्यांवर तगला. माणूस चिवट होता, हे मान्य करायला हवं.

पण कंपनीला खरं नाव मिळालं ते त्याच्या मुलाच्या, थिओडोरच्या काळात, १८९४ साली. 'लेडी फर्न' नावाचं सोन्याचं कडं. नेच्याची पानं एकात एक अशी अडकवलीत की कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळत नाही. छापील इतिहासात लिहिलंय, 'थिओडोरला ही कल्पना जंगलात फिरताना सुचली.' खरंच सुंदर आहे. पाहिलं आणि हात लावायची फार इच्छा झाली.

संध्याकाळी देवदत्तचा फोन. हा माझा धाकटा भाऊ, आता दुकान तोच बघतो. दुकानाला साठ वर्षं होतायत, हीरक महोत्सव. स्मरणिका काढायचीय. "आक्का, मुख्य लेख तूच लिही. आजोबांवर." मी लगेच हो म्हटलं. दुसऱ्यांच्या आजोबांवर पगार घेऊन लिहितेच आहे, आपल्यांवर प्रेमानं लिहीन.

८ मार्च

आज एक म्हातारी आली. फ्राऊ वाइडनर, वय एक्क्याऐंशी, फोर्त्सहाइमहून दोन गाड्या बदलून. फोर्त्सहाइम म्हणजे इकडची हुपरीच, घरटी कुणी ना कुणी दागिन्यांच्या कामात. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात अकरा पत्रं.

तिच्या आजीची बहीण एम्मा कीन्ले. १८८९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बोटीनं प्रॉव्हिडन्सला गेली आणि एल्डरिजांच्या कारखान्यात साखळ्या जोडायला लागली. जानेवारी १८९३ च्या पत्रात एम्मानं बहिणीला चित्र काढून पाठवलंय. नेच्याची पानं, एकात एक अडकवलेली. खाली लिहिलंय, 'धाकट्या मालकांना आवडलं. मला दोन दिवस सुट्टी दिली.' तेच कडं! वर्षभर आधी!

पत्रं जुन्या वळणाच्या जर्मन लिपीत आहेत, आजच्या पोरांना अक्षर लागत नाही. फ्राऊ वाइडनर भिंग डोळ्याशी धरून वाचून दाखवत होती, मी लिहून घेत होते. मला आमची मोडीच आठवली. म्हातारीचं मागणं केवढं, तर कार्डावर एक ओळ. 'रेखाटन: एम्मा कीन्ले.' पैसा नको, काही नको. "माझ्यानंतर तिचं नाव घेणारं कुणी नाही," म्हणाली. "मला ते एकदा कार्डावर वाचायचंय."

कारखान्याच्या हजेरीपटात मी एम्माला शोधलं. सापडली. बायकांची नावं नाहीतच, आकडे आहेत. एम्मा म्हणजे नंबर एकेचाळीस, तिनंच एका पत्रात लिहिलेला. पाच वर्षं एक बाई तुमच्यासाठी राबते, तुमचं नाव जगभर करते, आणि तुम्हाला तिचं नाव ठाऊक नाही? लाजा वाटत नाहीत?

९ मार्च

ब्रेंडेलकडे गेले. पत्रांच्या प्रती ठेवल्या. त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाला, "फ्राऊ पोतदार, त्या काळी तशीच पद्धत होती. माल पेढीच्या नावानं निघायचा. कच्चं काम कोण करतं याला महत्त्व नसतं. बाजारात कोण आणतं, याला असतं."

मी म्हटलं, पुरावा समोर आहे. तर म्हणतो, "घरात पडलेल्या चिठ्ठ्यांना पुरावा म्हणत नाहीत."

तळपायाची आग मस्तकात गेली. थिओडोरच्या जंगलाचा पुरावा कोणता? तो कुणी मागितला का? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! एस-बान लोकलमध्ये मी स्वतःशी मराठीत बोलत होते म्हणे. समोरची बाई उठून दुसरीकडे बसली.

१७ मार्च, शनिवार

आज जरा बरं वाटलं. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एका मुलीनं लिहिलं होतं, मी हुपरीची, एर्लांगेनला मेडिकल इमेजिंगमध्ये पीएच. डी. करते. मी लगेच घरी बोलावलं. आपल्या गावचं माणूस, तेही इथे! प्रिया शिंगे नाव. शांत, हसरी. सवयीनं विचारलं, "कुणाची गं तू?" म्हणाली, "राजानंद शिंगेंची. गयाबाईंची नात."

डोक्याला बराच ताण दिला तेव्हा आठवलं. गया! आमच्या मागच्या पडवीत बसून कड्या जोडायची ती गया. मी लहान असताना तिच्या शेजारी घुंगरं मोजत बसायचे. आजी हाक मारून आत बोलवायची आणि आधी हातपाय धुवायला लावायची. गयाचा तांब्या खुंटीला वेगळा असायचा, त्यावर तिनं टोच्यानं फूल काढलं होतं. किती गोड आठवण! मी प्रियाला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, जास्त काही बोलली नाही. लाजाळू असावी.

ईश्वरी, माझी आठ वर्षांची लेक, नवी पैंजणं घालून नाचत होती. देवदत्तनं पाठवलेली, आमच्या घराण्याचा नमुना. विष्णूवेल. प्रियानं एक पैंजण हातात घेतलं आणि उलटं करून बघितलं. "कड्यांची तोंडं डावीकडे," म्हणाली. मी खूश. जाणकार दिसते! सांगितलं तिला, तीच आजोबांची खूण. बाकी सगळ्या सोनारांची वेल उजवीकडे वळते, आमची डावीकडे. आजही कारागीर कुरकुरतात, हाताला उलटं पडतं म्हणतात, पण गिऱ्हाईक डावी वेलच मागतं.

प्रियानं विचारलं, "आजोबा डावखुरे होते का?"

मी हसले. "छे गं! डाव्या हातानं घास घेतला तर फटका मारायचे आम्हाला."

मग ती उठली, म्हणाली चहा मी ओतते. डाव्या हातानं ओतत होती, थेंबही सांडला नाही. जाताना ईश्वरीच्या पायात पैंजण तिनंच घातलं. ईश्वरी नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये आभाराचं डांके म्हणून पळाली. पुन्हा बोलवायला हवं हिला.

२८ मार्च

लेख झाला. स्वतःच लिहिलेला परिच्छेद इथे उतरवून ठेवते, कारण मला आवडलाय: 'सन १९५५ च्या सुमारास विष्णूपंतांनी स्वतःच्या हातांनी जगावेगळी वेल घडवली. कुणाला नक्कल करता येऊ नये म्हणून त्यांनी जाणूनबुजून प्रत्येक कडी डावीकडे वळवली. ही त्या थोर कारागिराची मूक सही होय.'

देवदत्तनं छापायला आजोबांचा फोटो पाठवलाय. गादीवर बसलेत, पुढ्यात तराजू, उजव्या हातात लेखणी. हातात चिमटा असलेला एखादा बघ म्हटलं, तर म्हणाला, तसा एकही नाही. हुपरीत तेव्हा फोटोग्राफर यायचा तो सणावारी, त्या दिवशी काम बंद असणार.

यशोधननं लेख वाचला. "तू आजोबांना कधी कड्या जोडताना पाहिलंस?" हा नांदेडचा इंजिनीअर, याला काय कळतंय धंद्यातलं! मालकाला काय सारखं चिमटा घेऊन बसावं लागतं?

१३ एप्रिल

प्रॉव्हिडन्सहून फोनवर मीटिंग. तिकडची एक बाई फार गोड बोलत होती, म्हणजे नकार येणार हे मला पहिल्याच मिनिटाला कळलं. शेवटी म्हणाली, तोडगा काढू. कार्डावर लिहायचं, 'थिओडोर एल्डरिज, कार्यशाळेतील कारागिरांच्या सहकार्याने.'

सहकार्याने! म्हणजे जेवण एकीनं रांधायचं आणि कार्डावर लिहायचं की पाहुण्यानं केलं, चुलीच्या सहकार्याने! मी हे फोनवर बोलले. इंग्रजीतून त्यातली सगळी मजा गेली, पण ब्रेंडेलचा चेहरा पडला. नंतर मला म्हणाला, "तुम्ही प्रोबेत्साइटमध्ये आहात, विसरू नका."

फ्राऊ वाइडनरला फोन केला. तिनं ती ओळ माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली. मग म्हणाली, "सहकारी तर नंबर एकेचाळीससुद्धा होता. मला एम्मा हवी."

२२ एप्रिल, रविवार

काय बोलावं!

लेखाची पीडीएफ मोठ्या हौसेनं प्रियाला पाठवली होती, आपल्या गावची म्हणून. आज तिचा फोन आला. आवाज अगदी खालचा. "लतिकाताई, रागावू नका. पण ती वेल माझ्या आजीची आहे."

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाली, तिची आजी डावखुरी. तिच्या पप्पांच्या बारशाला चांदी परवडण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून आजीनं विजेच्या मोडक्या वायरमधली तांब्याची तार सोडवून बाळासाठी वाळे वळले. तिच्या हाताला जसं जमलं तसं, डावीकडे. बाळाला घेऊन ती पडवीत कामाला आली. माझ्या आजोबांनी वाळे बघितले आणि म्हणाले, गया, हेच चांदीत कर. "पुढची पस्तीस वर्षं तिनं तेच केलं," प्रिया म्हणाली. "शेवटी शेवटी डाव्या हाताची मूठ उघडायची नाही. भाकरी उजव्या हातानं खाताना सांडायची."

मी विचारलं, "पुरावा काय आहे?"

ती म्हणाली, "वाळे आहेत की. पप्पांच्या कपाटात, पावडरच्या डब्यात."

मी म्हटलं, घरात पडलेल्या वस्तूवरून काय सिद्ध होणार? आणि समजा तिनं केलंच असेल. अगं, त्या काळी तशीच पद्धत होती. माल दुकानाच्या नावानं निघायचा. आमच्या आजोबांनी तो बाजारात नेला नसता तर ही वेल कुणी बघितली असती?

तिनं भांडावं म्हणून मी वाट बघत होते. ती इतकंच म्हणाली, "बरं ताई. ठेवते."

ठेवते म्हणे! दोनदा घरी येऊन जेवली, तेव्हा बोलता आलं नाही? उपकार तरी आठवायचे. आमच्या घरानं पस्तीस वर्षं काम दिलं तिला. यशोधनला सांगितलं, तर तो कुकरच्या शिट्ट्या मोजत राहिला. मग म्हणाला, "ती जेवली एकदाच. दुसऱ्यांदा नुसता चहा झाला, आणि तोही तिनंच केला." याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

४ मे

प्रियाची ईमेल. मजकूर शून्य, एक फोटो. तांब्याचे दोन वाळे, हिरवट पडलेले, शेजारी मापाला रुपयाचं नाणं. इवलेसे आहेत. कड्यांची तोंडं डावीकडे.

फोटो मोठा करून बघितला. विष्णूवेल आहे. तंतोतंत.

डिलीट केला. मग कचऱ्याच्या फोल्डरमधून परत काढला. आज दिवसभर सगळ्यांवर खेकसले.

१० मे

उद्या उद्घाटन. एम्माचं कार्ड मी घरीच केलं. तोच जाड कागद, तीच अक्षरं, ऑफिसातून प्रिंट काढून आणलं. 'लेडी फर्न, १८९४. रेखाटन: एम्मा कीन्ले, फोर्त्सहाइम.' उद्या मुख्य कार्ड काढून हे लावणार. नोकरी जाईल. जाऊ दे. काही गोष्टींपुढे नोकरी म्हणजे काही नाही.

संध्याकाळी टेबलावर कापत बसले होते. ईश्वरी शेजारी. मी तिला एम्माची गोष्ट सांगितली, ती नाव नसलेली बाई, तो नंबर, सगळं. तिचे डोळे मोठे झाले. मग पैंजणं घातलेले पाय टेबलावर ठेवून विचारलं, "उंट वेअर हाट माइने गेमाख्ट?" आणि माझी कुणी केली?

पणजोबांनी, असं म्हणायला मी तोंड उघडलं. "पाय खाली घे आधी," म्हटलं.

११ मे

लावलं. पावणेसहाला, ब्रेंडेल मंत्र्याच्या बायकोला शॅम्पेन देत होता तेव्हा.

फ्राऊ वाइडनर निळा कोट घालून आली. काचेपुढे उभी राहिली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, काचेआडचं कार्ड भिंगानंही वाचता येईना. मला म्हणाली, "मोठ्यानं वाचा." मी वाचलं. एम्मा कीन्ले. "पुन्हा," म्हणाली. पुन्हा वाचलं. आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली. तिनं काचेवर हात ठेवला आणि रडली. लाजली नाही, मनसोक्त रडली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या डोळ्यांपुढे सारखा खुंटीवरचा तांब्या येत होता. इतकी वर्षं मी त्याला गोड आठवण म्हणत होते. वेगळा का होता तो, हे एम. ए. झालेल्या बाईला कळत नव्हतं?

तेवढ्यात ब्रेंडेलनं दंड धरून मला बाजूला नेलं आणि सोमवारपासून येऊ नका म्हणाला. मी म्हटलं, बरं. त्याला वाटलं मी भांडेन. माझ्यात त्याच्याशी भांडायला काही उरलंच नव्हतं. जे तो बोलला ते सगळं मी बोलले होते. परत येऊन ही वही मागे उलटून बघितली. शब्द न् शब्द तोच. माझ्याच अक्षरात.

१३ मे, रविवार

देवदत्तला फोन केला. म्हटलं, छपाई थांबव. सगळं सांगितलं, तारेचे वाळे, डावा हात, सगळं.

"आक्का, काय बोलायलीस तू? गयाचं नाव? स्मरणिकेत?"

"गया नव्हे. गयाबाई."

"अगं, गिऱ्हाईक हसंल! नमुन्याचं नाव विष्णूवेल आहे." मग समजुतीनं म्हणाला, "हे बघ, शेवटच्या पानावर एक ओळ टाकतो. सर्व ज्ञात-अज्ञात कारागिरांच्या सहकार्याने. झालं समाधान?"

मला हसू आलं, इतका राग आला. प्रॉव्हिडन्सच्या त्या बाईला हुपरीत शाखा काढायची गरजच नाही! मी म्हटलं, लेख माझा आहे, तो मी परत घेते. आणि आजोबांनी घडवली असं छापलंस, तर कोल्हापूरच्या पेपरात माझ्या नावानं पत्र येईल, वाळ्यांच्या फोटोसकट. त्यानं फोन आईकडे दिला. आई रडायला लागली. "मेलेल्या माणसाच्या नावाला काळिमा लावतेस? कुणाचं मीठ खाल्लंस?" मी म्हटलं, आई, तेच बघायला लागलेय, कुणाचं खाल्लं ते. तिनं फोन आपटला.

तासभर गॅलरीत बसून राहिले. पुरवणी म्हणून स्वतःच एक पान लिहायचं ठरवलं. देवदत्तनं छापलं तर छापलं, नाहीतर मी वाटेन. वही पुढ्यात घेतली. 'विष्णूवेल या नावानं ओळखला जाणारा नमुना,' इतकं लिहिलं आणि पेन थांबलं. गयाबाईंच्या नवऱ्याचं नाव? मला ठाऊक नाही. आमच्या पडवीत पस्तीस वर्षं बसलेल्या बाईचं पूर्ण नाव मला ठाऊक नाही. मी हजेरीपटाला शिव्या घालत होते.

प्रियाला फोन लावला. तिनं उचलला, दुसऱ्या फोनवर कुणाला तरी 'थांबा' म्हणाली.

"प्रिया, माझं चुकलं. पुढचं काही आत्ता बोलत नाही. मला आजींचं पूर्ण नाव सांग."

"कशाला?"

"लिहायचंय."

"कुठे?"

"आत्ता या वहीत. स्मरणिकेचं भांडण अजून चालू आहे, तिथलं वचन देत नाही."

मग तिनं सावकाश सांगितलं, पोरांना शुद्धलेखन घालतात तसं, एक एक शब्द तोडून. मी लिहिलं.

गयाबाई आत्माराम शिंगे.

"लिहिलंत?"

"हो."

"वाचून दाखवा."

मी वाचलं.

"मोठ्यानं, ताई. पप्पा पण आहेत लाइनवर."